मार्चातला धान

कुडव्याचा खुमेंद्र राइस मिलची वेबसाइट सांभाळतो आणि स्वतःला सोडून सगळ्यांवर चिडतो. तीन डिसेंबरला सौंदडचे उदारामकाका ट्रॅक्टरभर धान घेऊन मिलवर आले, तर कम्प्युटरवर त्यांचा धान देण्याचा नंबर बारा मार्चचा!

"मार्चात तं धान हिरवा राहते! तुह्या कम्प्युटरनं कधी धानाची बांधी पाह्यली काय?" काका कडाडले.

खुमेंद्रनं कोड उघडला. तारीख त्यानंच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, नुसता मजकूर म्हणून चिकटवली होती. डेटाबेसनं महिना आधी वाचला आणि ३/१२ चा बारा मार्च झाला. मग त्यानं क्वेरीत तारखेची जागा मोकळी ठेवली, तारीख तारीख म्हणूनच वेगळी पाठवली आणि काकांचा नंबर पुन्हा टाकला. बरोबर लागला.

"झालं, काका!"

"कम्प्युटरचं झालं. हमाल वाट पाहून जेवाले गेले. आता पोते तूच उतरव."