आधी आभार, मग गोल

वर्ल्डकप कतारला होणार म्हटल्यापासून दोह्यात फुटबॉल न कळणारा माणूस उरला नव्हता. उरले होते ती मी. अल मन्सूरा भागात आमच्या इमारतीखालचा केरळी दुकानदार कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता मला ऑफसाइड समजावून सांगायचा. मी मान हलवून मिरच्या मागायची. आणि घरात तर मोठे जाणकारच राहत होते. माझे यजमान रस्त्याच्या कामावर सुपरवायझर. त्यांनी फुटबॉलला कधी पाय लावला नाही, पण स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर घातलं होतं. त्यामुळे निम्मा वर्ल्डकप आपण केला असं त्यांचं मत होतं, आणि उरलेला निम्मा नीट होईल का याची त्यांना काळजी होती.

आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या कॉलेजचा स्वतःचा रेडिओ होता. रेडिओ म्हणजे पूर्वीचा डबा नव्हे. पोरं एका खोलीतून किंवा मैदानावरून बोलायची आणि ते मोबाइलवर ऐकू यायचं. वर्ल्डकपच्या आधीच्या हिवाळ्यात कॉलेजांच्या आपसात फुटबॉलच्या मॅचेस होत्या, आणि फायनलचं वर्णन रेडिओवर कोण सांगणार हे ठरायचं होतं. दोघं होते. एक आमची, दुसरा तिच्या वर्गातला एक मुलगा. सेमीफायनलला पहिला हाफ तिने बोलायचा, दुसरा त्याने. ज्याचं रेडिओ सांभाळणाऱ्या सरांना आवडेल त्याला फायनलचा माइक.

तो माइक तिला किती हवा होता ते मला माहीत होतं. घसा बसू नये म्हणून तिने पाणीपुरी सोडली होती. माझ्या मुलीने पाणीपुरी सोडणं म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

असली मुलगी माझ्या पोटी कशी आली, हा प्रश्न आमच्या मंडळातल्या बायका मला हळदीकुंकवाला तोंडावर विचारायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली आणि चारचौघांत तोंड न उघडणारी. उखाण्याची पाळी माझ्यापर्यंत आली की मी कॉफीत साखर बघायला आत जाते. त्या कॉफीत आजवर तीन-तीनदा साखर पडली आहे.

चांगलं वर्णन कसं सांगावं याबद्दल घरात सल्ल्याला तोटा नव्हता. वरच्या मजल्यावर पुण्याच्या वहिनी राहायच्या. त्यांचा भाचा अमेरिकेत, म्हणून उच्चार हे खातं त्यांच्याकडे. त्या खाली येऊन म्हणाल्या, "सगळं ॲक्सेंटवर असतं गं. तो र जरा तोंडात गोल फिरव." मुलीने दोन दिवस र फिरवला. तिसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी विचारलं, "दाढ दुखतीय का तुझी?"

यजमानांचा अधिकार मात्र खरा होता. सांगलीकडच्या आमच्या गावी कबड्डीचे सामने व्हायचे आणि माइक वर्षानुवर्षं यांच्या हातात असायचा. खेळाडू बदलले, सरपंच बदलले, माइक बदलला नाही.

"आधी आभार," ते मुलीला म्हणाले. "मंडप कुणी दिला, पाणी कुणी दिलं, नारळ कुणी फोडला. एक नाव राहिलं तर पुढल्या वर्षी मंडप मिळत नाही."

"बाबा, इथे मंडप नाहीये."

"मग जे आहे त्याचे आभार मान. ज्यूस कुणी दिला? गेटवर कोण आहे? ॲम्ब्युलन्स उभी असते ना? तिला कुणी विचारत नाही."

मी इतकी वर्षं बघत आले, त्यांच्या माइकवरून गावाला कबड्डी कधी कळली नाही. पण रुसलेला माणूस मात्र एकही राहिला नाही.

मला कुणी काही विचारलं नाही. सराव मात्र माझ्यावर व्हायचा, कारण संध्याकाळी घरात मीच सापडायची. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघराचं दार उघडं, माझी पाठ टीव्हीकडे आणि तोंड तव्याकडे. ती आवाज बंद करून मॅच लावायची आणि माझ्या पाठीला वर्णन सांगायची. मला इंग्रजी येत नाही म्हणून मराठीत, म्हणजे तिच्या मराठीत.

"आई, हा जो प्लेयर आहे ना, ह्याचं चाइल्डहूड खूप हार्ड होतं. त्याची आई लोकांच्या घरी क्लीनिंग करायची. शूज नव्हते त्याच्याकडे..."

माझी पोळी करपली. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानेही असेल.

"मग बूट कधी मिळाले?" मी विचारलं.

"वेट. ओ शिट, दोन गोल झाले."

"कुणाचे?"

तिने रिमोटने मॅच मागे नेली. मी तेव्हा म्हटलं, "मला मेलीला काही दिसत नाही. बॉल कुठाय तेवढं सांगत जा. आणि जिंकतंय कोण."

"आई, दॅट्स नॉट कॉमेंटरी. ते कोणीपण सांगेल."

खरंच होतं ते. कोणीही सांगेल. म्हणूनच कोणी सांगत नसावं.

सेमीफायनलच्या दिवशी यजमान अर्धी रजा टाकून, लग्नातला शर्ट घालून मैदानावर गेले. मी घरी. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कणीक मळायला घेतली. वहिनी न बोलावता आल्या आणि र ऐकायला बसल्या.

मुलगी बोलायला लागली. आवाज छान होता, स्वच्छ. मला तिच्या बोलण्यातलं सर आणि थँक्यू एवढंच कळत होतं, आणि तेवढंच बराच वेळ येत होतं. प्रिन्सिपल सर थँक्यू, ज्यूस थँक्यू, गेटवरचे लोक थँक्यू. ज्यांचे आभार चालले होते ते सगळे मैदानावर होते, आणि रेडिओ ऐकत होतो आम्ही दोघी.

ती ॲम्ब्युलन्सपाशी आली आणि तिच्या मागून एकदम मोठा गलका झाला.

"गोल झाला वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"कुणी केला?"

"मला काय विचारताय, तिला विचारा. ती ॲम्ब्युलन्सकडे बघत होती."

मग मुलगी गप्प झाली. नुसती शिट्टी ऐकू येत होती, आणि कोणीतरी लांबून यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, ओरडत होतं. तिचा आवाज नाही. ती गप्प बसण्याची तऱ्हा मी ओळखते. उखाण्याच्या वेळी माझी होते तीच. फक्त तिला साखर बघायला जायला जागा नव्हती.

कणकेच्या हातानेच मी मोबाइल उचलला. "बॉल कुठाय?" मी म्हटलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "अहो, तिकडे नाही ऐकू जात."

"ठाऊक आहे मला."

थोड्या वेळाने ती बोलायला लागली. हळू, छोटी छोटी वाक्यं. र फिरवायचं विसरली होती. वहिनी मला मराठीत सांगायला लागल्या, पण लेफ्ट, राइट, कॉर्नर एवढं मला बसने फिरून फिरून येत होतं. बॉल डावीकडे. सात नंबरकडे. आता आमच्याजवळ. वन-निल. परत उजवीकडे. वन-निल.

"सारखं काय तेच," वहिनी म्हणाल्या. "कळलं की एकदा."

मी उठून आमटीला फोडणी दिली आणि परत आले, तर काहीच चुकलं नव्हतं. हाफ संपता संपता बॉल गोलाकडे गेला आणि ती मराठीतच ओरडली, "गेला, गेला, गेला... अडवला!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "इंटरनॅशनल कॉलेज आहे हो ते," त्या अगदी हळू म्हणाल्या. जणू मीच ते कॉलेज काढलं होतं.

दुसऱ्या हाफला तो मुलगा. आवाज तुपात घोळलेला. वहिनी डोळे मिटून ऐकत राहिल्या. "याला म्हणतात आवाज," त्या म्हणाल्या. तो न थांबता बोलला, मध्येच हसला, कुणाच्या तरी चाइल्डहूडवर भावुक झाला. शेवटी शिट्टी वाजली.

"कोण जिंकलं हो?" मी विचारलं.

वहिनींनी डोळे उघडले. "ॲक्सेंट चांगला होता त्याचा."

कोण जिंकलं ते यजमान घरी आल्यावर कळलं. मुलगी त्यांच्या मागून आली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसली.

"बाबा, ॲम्ब्युलन्स का घातलीत तुम्ही?"

"अगं, तो ड्रायव्हर किती खूश झाला. मी स्वतः जाऊन त्याला सांगितलं, तुझं नाव घेतलंय आमच्या पोरीनं. चहा पाजला त्यानं मला."

"आणि माझा गोल गेला."

"तुझा कुठाय? दुसऱ्या टीमचा होता."

दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला. तिने वाचला, मला मराठीत सांगितला. सुरुवातीचे आभार आणि चुकलेला गोल सोडला तर अख्खा माइक तिला दिला असता. आता दोघांनी मिळून बोलायचं. बॉल आणि स्कोअर तिने, बाकी सगळं त्याने.

"हाफ माइक," ती म्हणाली. "मला अख्खा पाहिजे होता, आई." आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अख्खाच मिळायला हवा होता असं मलाही वाटत होतं, आणि का नाही मिळाला ते समोर खुर्चीत बसलं होतं.

यजमानांनी उठून टॉवेल खांद्यावर टाकला. मग ते म्हणाले, "आणि आभार कुणाकडे दिलेत?"

"कोणाकडेच नाही."

"म्हणजे पुढल्या वर्षी ज्यूस विसरा," ते म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

फायनलला घरच्यांसाठी खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. वहिनींनी तिथे घालायची साडी काढून ठेवली होती. मुलगी निघताना मला म्हणाली, "आई, तू पण ये. माझ्या मागेच सीट आहे."

मी नको म्हटलं. तिचा चेहरा उतरला. "लोकांना लाजतेस ना?"

"लाजते तर आहेच," मी म्हटलं. "पण तिथे आले तर बॉल कुठाय ते मला कोण सांगणार? तू त्यांना सांगणार, जे घरी आहेत."

ती दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मग चपला घालून यजमानांच्या मागे जिना उतरली.

मी मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवला. आधी त्या मुलाचा तुपाचा आवाज आला आणि मी समजले, आता चाइल्डहूड. पण मधेच तिचा आवाज आला, साधा, जवळून. बॉल मधोमध आहे. निल-निल.

मी गॅस बारीक केला आणि स्टूल ओढून बसले. आभार राहिलेच होते. ते यजमानांनी घरी येऊन मानले, ॲम्ब्युलन्सपासून.