घाट उतरायला डिझेल लागत नाही म्हणे

मंगळवारी सहावीच्या वर्गात एकमान पद्धत शिकवता शिकवता मला दरदरून घाम फुटला. गणितामुळे नाही... गणित अगदी सोपं होतं.

आधी थोडं सांगते. आम्ही राहतो तळेघरला आणि माझी शाळा घाटाखाली. एसटी आली तर आली, म्हणून मी किसनदादांच्या जीपने जाते. वरच्या वाड्यांवरची आमच्या शाळेची मुलंही त्यातच असतात, मोठी बाकावर आणि धाकटी मोठ्यांच्या मांडीवर.

तर मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून मी फळ्यावर आमच्या जीपचंच उदाहरण घातलं. एका लिटरमध्ये गाडी दहा किलोमीटर जाते, डिझेल शंभर रुपये लिटर धरा, घर ते शाळा वीस किलोमीटर. जाऊन-येऊन खर्च किती?

सगळ्यांचं उत्तर आलं चारशे. ऋतुजाचं आलं तीनशे. ऋतुजा म्हणजे किसनदादांची मुलगी, वर्गात सगळ्यात हुशार, आणि हुशार मुलं चुकली की मला जरा जास्तच राग येतो.

"कुठे चुकलीस, बघ बरं," मी म्हटलं.

"चुकले न्हाई बाई. त्यात दहा किलोमीटर घाट हाय. उतरताना गाडी बंद असती... मग त्याचं डिझेल कशाला धरायचं?"

वर्गात कोणी हसलं नाही. उलट दोन-तीन माना डोलल्या, हे राहिलंच की आपलं, अशा.

मी विचारलं, बंद म्हणजे?

"बंद म्हंजे बंद. देवीपाशी बाबा चावी फिरवत्यात."

घाटाच्या तोंडाशी देवीचं छोटंसं देऊळ आहे. दादा तिथे रोज क्षणभर थांबतात, चावी फिरवतात, हात जोडतात. मला आपलं वाटायचं, देवीचा मान म्हणून...

पुढे ती शांतता तशीच राहायची. वारा लागायचा, पक्षी ऐकू यायचे आणि मी मस्त डुलकी काढायचे. नवऱ्याला कौतुकाने सांगायचे, दादा घाट असा उतरवतात की पोटातलं पाणी हलत नाही.

"आणि ब्रेक?" मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

"बंद गाडीचा ब्रेक लई जड व्हतो बाई. म्हणून तर वळणावर बाबा उभं ऱ्हाऊन दाबत्यात."

वळण आलं की दादा सीटवरून अर्धे उठतात, हे डोळा उघडा असला की मी बघते. मला वाटायचं, समोरून गाडी येते का ते बघतात. किती काळजी घेतो हा माणूस, असंही वाटायचं...

खडू हातातच राहिला आणि मी खुर्चीत बसले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये वीस जणांची बंद गाडी. आणि तिच्यात मी, झोपलेली.

जरा सावरल्यावर मी पुढचं उदाहरण तोंडीच घातलं. घाट उतरताना शंभर रुपये वाचले, गाडीत माणसं वीस, तर एका माणसामागे किती? उत्तर पटकन आलं, पाच रुपये. पुढे म्हणायचं होतं की ब्रेक लागला नाही तर... पण समोर सहावीची मुलं बसली होती. ऋतुजा मात्र वहीत तेच गणित पुन्हा मांडत होती.

संध्याकाळी दादांना गाठलं. माणूस भला, अडल्यानडल्याला फुकट नेणारा. माझं ऐकून मनापासून हसले.

"अवो बाई, समदेच करत्यात. घाट चढताना लई डिझेल पितो, उतरताना थोडं माघारी दिलं त्यानं, तर बिघडलं कुठं?"

तोडून बोलावं तर दादा रागवायचे, आणि दुसरी गाडी आहे कुठे? वरच्या मुलांची शाळाच सुटायची.

तेवढ्यात मागून ऋतुजाचा आवाज आला. "बाबा, मी पाच रुपयाला हाय का?"

दादांना काही कळेना. मग तिने फळ्यापाशी उभं राहून सांगावं तसं सगळं सांगितलं. एक लिटर, शंभर रुपये, वीस माणसं, एकाचे पाच. आणि शेवटी म्हणाली, "पाच रुपयात बिस्कीटचा पुडा येतो, बाबा."

दादांचं हसू गेलं. "बस आत," एवढंच म्हणाले. मला वाटलं, झालं, दुखावले.

बुधवारी सकाळी नवरा म्हणाला, जाऊ नकोस त्या गाडीने. पण मुलं तिच्यात आणि मी घरी, हे काही मला जमेना. जीव मुठीत धरून बसले.

देवीपाशी गाडी थांबली. दादांनी हात जोडले आणि हात खाली आला... मी डोळे मिटून घेतले.

गिअर पडल्याचा खडाक आवाज झाला. इंजिन चालूच. घाटभर ती जीप अशी घुरघुरत, खडखडत उतरली की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पक्षी नाहीत, डुलकी नाही... आणि दादा एकाही वळणावर सीटवरून उठले नाहीत.

खाली उतरल्यावर मागे न बघता म्हणाले, "बाई, त्या गणिताचं उत्तर चारशेच लिवून द्या पोरांना."

दिलं लिहून. पण ऋतुजाचं तीनशे मी खोडलेलं नाही, त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आहे. तिनेही चारशेच लिहिलं असतं, तर मी आजही त्या घाटात सुखाने झोपलेली असते.