कुत्र्याच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या

मद्रासला आम्ही राहायला गेलो तेव्हा घरामागच्या आवारात कुत्र्याचा एक भलामोठा पिंजरा होता. आधीच्या भाडेकरूंचा अल्सेशियन त्यात असायचा. माणूस आरामात उभा राहील एवढी उंची, लोखंडी अँगल, चारही बाजूंनी आणि वरूनसुद्धा जाड तारेची जाळी, आणि दाराला असा दणकट कडीकोयंडा की लावताना माझी बोटं चेमटायची. कुत्रं मेलं, भाडेकरू गेले, पिंजरा राहिला. हलवायला चार माणसं लागतील म्हणून तो कुणी हलवला नव्हता.

नवरा गिंडीतल्या एका लहान कारखान्यात होता. मशिनं बसवायला त्याला सारखं बाहेरगावी धाडायचे, गेला की पंधरा-पंधरा दिवस फिरकायचा नाही. मूलबाळ अजून नव्हतं. तमिळ मला ओ की ठो कळत नव्हतं, भाजीवालीशी मी बोटांनी बोलायची. आणि मी कोण, तर साताऱ्याकडची! आमच्या घरात बोलायला माणूस कमी पडलं तर आम्ही म्हशीशी भांडतो. तिथं मात्र दिवेलागणीला लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. मग मी भांडी उगाच आपटून घासायची. रडू यायचं, आणि रडू आलं की स्वतःचाच संताप यायचा. एवढी धडधाकट बाई आणि रडते काय!

एकदा तो घरी आलेला असताना मी सांगून टाकलं, "मी कोंबड्या पाळणार."

"इथं? मालकीणबाई कांदासुद्धा खात नाहीत."

"विचारून तर बघते. खाणार थोडीच आहेत मला."

मालकीणबाई घराच्या पुढच्या भागात एकट्या राहायच्या. तंजावरकडच्या मराठी, सगळे त्यांना मामी म्हणायचे म्हणून मीही मामी म्हणायची. यजमान एग्मोरला कुठल्याशा ऑफिसात कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा परदेशी. मामींचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई जुन्या पोथीतून बोलते आहे आणि सूर मात्र तमिळचा आहे. माझं बोलणं त्यांना तितकंच चमत्कारिक वाटत असणार. भाड्याचे पैसे आणि पाण्याची मोटर, यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं.

कोंबड्या म्हटल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला. "मारणार?"

"नाही हो मामी. अंड्यांपुरत्या. आणि सोबतीला."

सोबतीला म्हटल्यावर नाकावरचा पदर जरा खाली आला. मग म्हणाल्या, "कोंबडा नक्को. पहाटे ओरडेल, वीथीभर कळेल. आणि येथ रगत सांडलं तर दुसरे दिवशी घर सोडायचं. बोललें ते बोललें."

"मामी, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? कळायचं ते कळेलच."

ही म्हण त्यांना ठाऊक नसावी. त्यांनी ती दोनदा स्वतःशी म्हणून पाहिली, आणि पदराआडून हसल्या.

तर अशा चार तलंगा, नुकत्या वाढलेल्या कोवळ्या कोंबड्या, आल्या. पिंजरा म्हणजे किल्लाच! गल्लीतली कुत्री त्याला प्रदक्षिणा घालून, वास घेऊन, तोंड पाडून परत जायची. एक बोका वर जाळीवर चढून तासन्‌तास खाली बघत बसायचा, काय उपयोग? कावळ्यांची चोच आत पोचायची नाही. आत मी एक लाकडी खोकं उपडं ठेवलं, बसायला आडवा बांबू बांधला. सकाळी दार उघडून आत शिरायची, दाणे टाकायची, आणि त्यांना मनसोक्त शिव्या द्यायची. "अगं भवाने, सरक की! तुझ्या बापाचा पिंजरा आहे का?" आपला आवाज आपल्या कानांवर पडला की बरं वाटायचं. पण कोंबडी ती कोंबडी. उलट बोलत नाही.

मग एका दुपारी चारच्या सुमाराला मामींची हाक आली, "आलें गे! ये, ये लवकर!" मी पीठभरल्या हातांनी धावले. पिंजऱ्याच्या कडेनं एक मुंगूस चाललं होतं, शेपटी झुबकेदार, डोळे लालबुंद. आम्ही दोघींनी एकदमच हात जोडले. मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यानं तोंड दाखवावं म्हणून आम्ही लहानपणी त्याला रामाची शपथ घालायचो. मामींच्या तंजावरातही तेच. वर आवारात मुंगूस म्हणजे सापाचं भय गेलं. कोंबड्यांनी आत थोडा कलकलाट केला, तो आम्ही कानांआड केला. जाळी होती ना मध्ये!

दुसऱ्या दिवसापासून मामी त्याच्यासाठी करवंटीत दूधभात ठेवू लागल्या, पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्याशी. ते रोज यायला लागलं. रोज हाक यायची, "आलें गे!" आणि मी जायची. मुंगूस दोन मिनिटांत पसार व्हायचं, आम्ही मात्र अर्धा-अर्धा तास तिथंच उभ्या. त्या 'मज' म्हणाल्या की मी हसायची, मी 'च्यायला' म्हटलं की त्या कान झाकायच्या आणि अर्थ विचारायच्या. तीन वाजल्यापासून माझा कान तिकडं लागलेला असायचा. खरं सांगते, त्या हाकेवर माझा दिवस तरून जायचा.

एक दिवस मी टी. नगरला गेले, नवऱ्याच्या भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला. बसच्या गर्दीत जीव नकोसा झाला. परतले तर ऊन उतरलेलं, आणि पिंजऱ्यातून काही आवाज नाही. कडी जशीच्या तशी होती. आत चौघी पडल्या होत्या, माना फाडलेल्या. खाल्लं काहीच नव्हतं, नुसतं मारलं होतं. मागच्या कोपऱ्यात न्हाणीचं पाणी मुरून माती मऊ झाली होती, तिथं जाळीखालून एक बीळ उकरलेलं होतं. त्याच्या तोंडाशी करवंटी पालथी पडली होती. कुत्र्याला बाहेर येता येऊ नये म्हणून केलेला पिंजरा तो. बाहेरून एवढंसं काही खालून आत येईल हा विचार पिंजरा करणाऱ्यानं कशाला केला असेल? आणि आम्ही शहाण्या रोज त्याला हात जोडत होतो!

मामींचं दार बंद होतं. एरवी त्या वेळेला ते कधी बंद नसायचं.

खड्डा खणून मी चौघींना पुरलं, पिंजरा तीन-तीनदा धुतला. धुऊन काय होतंय? रगत सांडलं होतं. आता घर सोडा म्हणून सांगायला त्या येतील, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वाट बघत बसले. आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुढच्या घरातून कॉफीचा वास यायचा, पूजेची घंटा ऐकू यायची, म्हणजे बाई आहे घरात. पण चार वाजायचे आणि हाक नाही. नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी हाकलायच्या आत आपणच दुसरं बघू." मी हो म्हटलं. दलालानं दोन घरं दाखवलीही. त्यातलं एक चांगलं हवेशीर होतं, आणि मला ते बघताना हुंदका आला. घराचं मला काही नव्हतं हो. घर काय, चार भिंती. दुसऱ्या घरात मला हाक कोण मारणार होतं?

शेवटी माझंच डोकं फिरलं. काय तो सोक्षमोक्ष लावू, तोंडावर सांगू देत, म्हणून मी पुढं गेले आणि दार वाजवलं. मामींनी अर्धवट उघडलं. त्या वाळलेल्या दिसत होत्या.

"मामी, घर कधी सोडू तेवढं सांगा."

"तूं कशास सोडतेस?" त्या म्हणाल्या. "मी पाहिलें होतें त्यास. त्या कोपऱ्यात उकरत होतें. दोन दिवस पाहिलें. हाकललें नाही."

मला कळेचना. "का नाही हाकललं?"

त्या दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या. "तें गेलं तर तुज कशास बोलवूं? मामी एकटी आहे, ये, असं म्हटलं तर कोणी येतं काय? मुलाचा फोन येतो, नातू इंग्लिश बोलतो. घरात मराठी बोलून किती वर्षं जाहलीं. मुंगूस आलें म्हटलं की तूं धावत यायचीस." मग एकदम म्हणाल्या, "रगत मी सांडलें. घर कोणी सोडायचं, तूंच सांग."

या बाईच्या भिंतीला पाठ लावून मी इतके महिने, मला इथं कुणी नाही म्हणून रडले होते. आणि भिंतीच्या पलीकडं ही!

"मामी, आत येऊ?" मी विचारलं.

त्यांच्या घरात मी कधी गेले नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या ओल्या सोवळ्याकडं पाहिलं. "थांब," म्हणाल्या, आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं. पण त्या दोन पाट घेऊन आल्या. एक उंबऱ्याच्या आत टाकला, एक बाहेर. आतल्यावर त्या बसल्या, बाहेरच्यावर मी. अंधार पडेपर्यंत आम्ही बोलत होतो.

पुढं आम्ही तिथं बरीच वर्षं राहिलो. उंबरा त्यांनी मला कधी ओलांडू दिला नाही. पण बाहेरचा तो पाट मात्र त्यांनी पुन्हा कधी उचलून आत नेला नाही.