यात तुमचं किती?

शिलाई मशीन बिघडलं की लोक तिच्याकडे येत. नवरा गेल्यावर दुकान तिनेच चालवलं आणि सतरा वर्षांत तिचं खरं नाव लोक विसरूनही गेले. ती झाली मशीनकाकू. काम झालं की झिजलेला जुना भाग कागदात गुंडाळून ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "काय बदललं ते दिसायला नको का तुम्हाला?" म्हणायची.

एक शिलाई कारखाना बंद पडला तेव्हा तिने तिथली दहा नादुरुस्त मशीनं भंगाराच्या भावात उचलली. वर्षभर खपून ती चालती केली, विकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा चार लाख एकदम हाती आले.

धाकट्या बहिणीचा जावई बँकेत होता. बातमी कळताच आठवड्याच्या आत तो दुकानात हजर.

"मावशी, पैसे पडून राहिले की कुजतात. फंडात टाका. बाजार वर गेला की तुम्ही वर."

"आणि खाली गेला तर?"

"मी असताना?" तो हसला. कुठे सह्या करायच्या तिथे त्याने पेन्सिलीने फुल्या करून आणल्या होत्या. तिने अकरा सह्या केल्या. घरचा माणूस, त्यातून जावई. त्याच्यासमोर कागद वाचत बसणं बरं दिसत नाही, असं तिला वाटलं.

बाराव्या दिवशी जाडजूड पाकीट आलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती वाचायला बसली. फंडाचं नाव कुठेतरी कोपऱ्यात, बाकी सगळा विमा. आणि हप्ता? दर वर्षी चार लाख, अशी पाच वर्षं. पहिल्या वर्षातूनच मोठी कपात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने जावयाला फोन लावला.

"मावशी, त्यात फंडही आहे की. थोडा विमा, थोडा फंड."

"दर वर्षी चार लाख मी कुठून आणू?"

"पुढचं पुढे बघू."

"कोण बघणार? तू?"

"मीटिंग आहे, नंतर बोलतो," म्हणाला आणि त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही.

एकोणिसाव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तीस दिवसांत कागद परत करता येतात. ती बँकेत गेली. आज सिस्टीम बंद आहे, सोमवारी या. सोमवारी फॉर्म संपले होते. गुरुवारी साहेब स्वतः म्हणाले, "बाई, घरच्या माणसाचं नुकसान कशाला करता?"

"घरच्या माणसाने माझं केलं, ते तुमच्याच टेबलावरून गेलं ना?" ती म्हणाली. तिने हाताने दोन अर्ज लिहून आणले होते, एक बँकेला आणि एक स्वतःजवळ ठेवायला. आपल्या प्रतीवर शिक्का मिळेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. महिन्याभरात किरकोळ कापून पैसे परत आले.

बहिणीचा फोन मात्र लगेच आला. "ताई, त्याचं टार्गेट होतं गं. एवढ्यावरून त्याला तोंडघशी पाडलंस?" मग बहिणीने बोलणं टाकलं.

दुसऱ्या कुणी कानाला खडा लावून पैसे कपाटात ठेवले असते. मशीनकाकूचा राग असा की तिला आता जाणूनच घ्यायचं होतं. फंड म्हणून विमा गळ्यात मारला, मग खरा फंड असतो तरी काय? गावातल्या वाचनालयात नवशिक्यांसाठी फुकट वर्ग होता, पाच शनिवार. शिकवणारे गृहस्थ छान समजावत. शेअर म्हणजे कंपनीतला छोटासा वाटा. फंड म्हणजे पुष्कळ लोकांनी पैसे एकत्र करून घेतलेले पुष्कळ वाटे. भाव पडतात, पडणारच. म्हणून वर्षा-दोन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवायचा नाही. तिने सगळं वहीत उतरवलं. माणूस तिला आवडला होता.

पाचव्या शनिवारी त्यांनी फॉर्म वाटले. फंडांची नावं आधीच छापलेली.

मशीनकाकू उभी राहिली. "यात तुमचं किती?"

"तुमच्या खिशातून एक पैसाही जात नाही, ताई."

"मग तो येतो कुणाच्या खिशातून?"

"फंड कंपनी देते."

"आणि कंपनी कुठून देते?"

त्यांनी चष्मा पुसला. "फंडातूनच. वर्षाला शेकडा एक, साधारण."

"म्हणजे आमच्याच पैशातून. हे चार शनिवार का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही."

या उत्तराचा तिला जावयापेक्षाही जास्त संताप आला. "मी पट्टा बदलते तेव्हा त्याची किंमत गिऱ्हाइकाने विचारायची वाट बघत नाही," ती म्हणाली आणि फॉर्म टेबलावर ठेवून निघून आली.

मधल्या माणसाशिवाय थेट फंड घेता येतो, हे तिने पुढच्या दोन महिन्यांत स्वतः वाचून शोधलं. निम्मे पैसे मुदत ठेवीत टाकले. उरलेले दर महिन्याला थोडे थोडे, सगळ्या बाजाराबरोबर चालणाऱ्या एका स्वस्त, साध्या फंडात. तिसऱ्याच महिन्यात बाजार कोसळला. फोनवरचा आकडा तिने तीनदा बघितला. कुणावर तरी चिडावं म्हणून तिने मनात शोधलं, तर कुणी सापडेना. या वेळी कुणी काही लपवलं नव्हतं. तिने हप्ता चालू ठेवला. दीड वर्षाने खड्डा भरला, वर थोडं दिसूही लागलं. फार नाही.

त्याच सुमारास बहीण एक फाइल घेऊन दुकानात आली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि तिने फाइल उघडून पुढे केली. जावयाने तिच्याही गळ्यात तसाच विमा घातला होता. दोन हप्ते भरून झाले होते, तिसरा झेपत नव्हता. तीस दिवस केव्हाच उलटले होते.

"सख्ख्या सासूलासुद्धा सोडलं नाही," मशीनकाकू म्हणाली. तिने कोरा कागद पुढे ओढला. "चल, तक्रार लिहू."

"त्याचं नाव नको घालूस, ताई."

"मग कुणाचं घालू?"

बहिणीने पदराने डोळे टिपले आणि थोड्या वेळाने स्वतःच जावयाचं पूर्ण नाव सांगितलं.

बँकेचं तीन ओळींचं उत्तर आलं: सह्या तुमच्याच आहेत. दोघी बँकेच्या वरच्या कार्यालयात गेल्या. सात महिने, दर सोमवारी दुकान अर्धा दिवस बंद. शेवटी बहिणीला निम्मे पैसे मिळाले.

जावयाला त्याच वर्षी बढती मिळाली. हे सांगताना मशीनकाकूचा आवाज आजही चढतो, आणि तो तिने उतरवावा असं बहिणीलाही आता वाटत नाही.