हिरोईनची समजूतदार मैत्रीण

मंडळी, कॉलेजच्या पोरांच्या कॉमेडी मालिकेत मी असते तर कोण असते, हे आज दुपारी कळलं.

माझी चुलत बहीण पिंकी मोबाईलवर क्विझ घेऊन आली. प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग ते सांगतात कोणतं पात्र तुमच्यासारखं आहे.

आता आमच्या बुऱ्हाणपुरात घराखालीच पावरलूम. माग चालू असले की वर साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं. म्हणून पिंकीने प्रश्न ओरडून विचारले आणि अख्ख्या घराने ऐकले.

"रविवारी काय करतेस?"

मी तोंड उघडेपर्यंत आई ओरडली, "घरीच असते ती!"

"राग आला की काय करतेस?"

"हिला कुठं राग येतो!" ही काकू. पिंकी बटणं दाबत गेली. एम.ए. झालेली मी, बाजूला नुसती बसून.

"तुला स्वतःसाठी काय हवंय?" हा शेवटचा प्रश्न तिने ओरडून विचारला आणि नेमकी लाईट गेली. माग थांबले. सगळं एकदम शांत. सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच माझ्या वतीने कोणी बोलत नव्हतं.

आणि मी म्हणाले, "काहीपण चालेल."

रिझल्ट आला, हिरोईनची समजूतदार मैत्रीण. आई खूश. "एकदम बराबर!"

लाईट आली, माग परत सुरू झाले. त्या खडखडाटात मी न ओरडता, साध्या आवाजात बोलले, "मला इंदूरला जाऊन नोकरी करायची आहे."

कोणालाच ऐकू गेलं नाही.

तुम्ही तुमचं खरं उत्तर कुठे बोलता?