मातकेरिमचा पहिला नंबर

आमच्या कोचकोर गावचा मातकेरिम जन्मभर मेंढ्या राखत आला, पण सगळ्यांत भारी कार्टून कोणतं, यावर तो कुणाचं ऐकून घेत नाही. त्याचा पहिला नंबर ठरलेला आहे: लहानपणी डोंगरावरच्या कुरणात पाहिलेलं, लांडग्याच्या तोंडातून जिवंत कोकरं बाहेर येतात ते.

परवा त्याची भाची सायकाल ते शोधून घेऊन आली. ती शहरात ॲनिमेशन शिकलीये. चहा आणि तळलेले बोरसोक घेऊन आम्ही बसलो. पडद्यावर लांडग्याने एकेक कोकरू गिळलं आणि खेळ खलास.

"तायाके, चित्रं भिकार आहेत," भाची मामाला म्हणाली. "याला पहिला नंबर? हे तुमचं बालपण बोलतंय."

"हे ते नव्हेच!" मातकेरिम भडकला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फिरत्या सिनेमाचा ऑपरेटर एक कुरण आटोपून दुसऱ्यावर यायचा आणि रीळ परत गुंडाळायचा त्याला कंटाळा. मग सिनेमा शेवटाकडून सुरू व्हायचा, चित्रही डोक्यावर. आम्ही पोरं पडद्याकडे पाठ करून वाकायचो आणि पायांमधून बघायचो. बोलणं कळायचं नाही. वाटायचं, रशियन असेल.

मी हे सांगितल्यावर सायकालने हसत हसत कार्टून तसंच उलटं लावलं, शेवटाकडून आणि डोक्यावर. साठी ओलांडलेला मातकेरिम पाठ करून वाकला. शेजारी मी.

"उभ्याने काय कळणार तुला?" तो खालून ओरडला.

शेवटी तीही वाकली. वाकूनच म्हणाली, "तायाके, चित्रं अजूनही भिकारच आहेत."

पण शेवटचं कोकरू बाहेर येईपर्यंत ती काही सरळ झाली नाही.