न्हाणीघरामागची पाहुणी

बाई रिकाम्या रस्त्यावरसुद्धा डाव्या बाजूनं चालायच्या. लोणावळ्याजवळच्या आमच्या कुसगावच्या आतल्या रस्त्याला भर दुपारी कुत्रंही फिरकत नाही. तरी बाई कडेकडेनं जायच्या, वळण आलं की थांबायच्या, दोन्हीकडं बघायच्या आणि मगच पुढचं पाऊल टाकायच्या. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, गाडी तर एकही नाही." त्या म्हणाल्या, "गाडी दिसल्यावर पाळायचा तो नियम नव्हे सुमन, ती भीती."

बाईंनी तळेगावच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळं त्या पुस्तकापर्यंत मी पोचलेच नव्हते. ते सगळं मी बाईंच्या घरी भांडी घासताना शिकले. त्यांचे यजमान त्याच शाळेत गणित शिकवायचे. बाई त्यांना घरातही 'सर' म्हणायच्या आणि सर त्यांना 'बाई' म्हणायचे. निवृत्त झाल्यावर दोघांनी इकडं बैठं घर बांधलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी सकाळी जायची ते दुपारी यायची.

शेजारचा बंगला भाड्यानं देतात. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात, गाणी लावतात. रात्री स्पीकर बंद करायची वेळ झाली, की बाई शाल पांघरून फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. ओरडायच्या नाहीत. नुसत्या घड्याळाकडं बघत राहायच्या. थोड्या वेळानं पोरंच आवाज बंद करायची. भुशी धरणाच्या वाटेवरच्या हवालदाराचीही तीच गत. 'गाड्या लावू नयेत' अशा पाटीखालीच गाड्या लागलेल्या असायच्या आणि बाई त्याला विचारायच्या, "ही पाटी कोणासाठी लावली आहे?" पुढं पुढं लांबून बाईंची छत्री दिसली, की तो मक्याच्या कणसाच्या गाडीमागं जाऊन उभा राहायचा.

अशा बाईंच्या न्हाणीघरामागं गांजाचं झाड होतं.

ते कोणी लावलं नव्हतं. शेजारचा कचरा कंपाउंडवरून आमच्याकडं पडायचा, त्यातूनच पावसाळ्यात उगवलं. मला वाटलं अंबाडी आहे. पानं तशीच असतात, बोटं पसरल्यासारखी. भाजी करावी म्हणून मी चार पानं खुडून घरी नेली. सासूबाईंनी नाकाला लावली आणि हसायलाच लागल्या. "अगं बया, ही भाजी खाल्लीस तर दोन दिस उठायची न्हाईस."

मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. बाई तडक खुरपं घेऊन मागं गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, तेव्हा खुरप्याला माती नव्हती.

त्या वर्षी सरांना पोटाचा कॅन्सर झाला होता. औषधाचा डोस झाला की आठ-आठ दिवस अन्न बघवत नसे. वरणाच्या वासानंही उमळून यायचं. सर मुळात अंगानं बारीक, त्यात निम्मे झाले. डॉक्टर म्हणाले होते, पोटात काही जात नसेल तर पुढचा डोस देता येणार नाही. इस्पितळात बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं आमच्या बाईंना सांगितलं होतं, की तिच्या भावाला या झाडामुळं भूक लागायची. बाई ते विसरल्या नव्हत्या.

खुरपं कोनाड्यात ठेवून त्या म्हणाल्या, "ती आपण बोलावलेली नाही. आपण लावणार नाही, पाणी घालणार नाही. आपणहून आलेली पाहुणी आहे. राहिली तर राहिली." मी मान हलवली. त्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी मात्र बाई न्हाणीघरामागंच फेकायला लागल्या. "पाणी कुठं तरी टाकायलाच हवं," असं माझ्याकडं न बघता म्हणायच्या.

खोटं त्यांना बोलता यायचं नाही. डॉक्टरांनाही त्यांनी जाऊन सांगितलंच. डॉक्टर कागदावर लिहीत होते ते लिहीतच राहिले. मग म्हणाले, "बाई, मला हल्ली कमी ऐकू येतं."

दसऱ्यानंतर झाड तुऱ्याला आलं आणि बाईंनी ते कापलं. त्या दुपारी आम्ही दोघी आतल्या खोलीत पडदे ओढून बसलो. खाली वर्तमानपत्र, कोपऱ्यात दोन उदबत्त्या, पंखा बंद. बाईंच्या हातात सरांची मिशी कातरायची कात्री होती. सरांच्या मिशा औषधानं गळाल्या होत्या, कात्री रिकामीच होती. बाई एकेक फांदी उजेडाकडं धरून तुऱ्याभोवतीची पानं कातरत होत्या, अगदी पेपर तपासायला घेतल्यासारख्या. चीक बोटांना असा चिकटला की कात्री सुटेना. फणस कापताना लावतो तसं मी त्यांच्या हातांना खोबरेल चोळलं. मी त्यांच्या घरी इतकी वर्षं, पण त्यांचा हात हातात घेतला तो त्या दिवशी पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, "नागरिकांची कर्तव्यं मी पोरांकडून पाठ करून घ्यायची, सुमन. आता कोणी म्हणून दाखवायला सांगितलं तर मला यायची नाहीत." मी पानं गोळा करत राहिले.

अडगळीच्या खोलीत दोरी बांधून त्यांनी फांद्या उलट्या टांगल्या. पण लोणावळ्याची हवा तुम्हाला माहीतच आहे. पाऊस गेला म्हणावं तर परत दोन दिवस झड लागली आणि मग धुकं. आमच्याकडं त्या दिवसांत पापडही वाळत नाहीत. चार दिवसांनी बघितलं तर निम्म्या तुऱ्यांवर पांढरी बुरशी. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. पलीकडच्या खोलीत सर ओकत होते.

मी कोणाला सहसा काही सुचवत नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "आमच्या चुलीवर टांगू का? कणसं वाळतात तिथं."

बाईंनी बुरशीचं सगळं बाजूला काढून टाकलं. उरलेलं कापडात गुंडाळलं, पिशवीत घातलं, वर मेथीची जुडी ठेवली. मी पिशवी उचलायला गेले तर म्हणाल्या, "नाही. हा माझा गुन्हा आहे. तू पुढं चाल आणि मला ओळखत नाहीस असं समज." ओळख दाखवायची नव्हती, पण चालल्या डाव्या बाजूनंच.

आमच्या घराकडं जायला भुशीच्या वाटेवरूनच जावं लागतं. हवालदारानं छत्री बघितली आणि सवयीनं कणसाच्या गाडीमागं गेला. पाटीखाली चार गाड्या उभ्या होत्या. बाई एक शब्द न बोलता पुढं निघाल्या. तेव्हा तोच बाहेर आला.

"बाई, आज काय बोलला न्हाईत. बरं न्हाई का?"

बाई थांबल्या. पिशवी छातीशी होती. म्हणाल्या, "आज माझी बोलायची योग्यता नाही." हवालदार गोंधळला. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं वळून गाड्यांना शिट्टी मारली.

सासूबाईंनी फांद्या चुलीवरच्या दोरीला, कणसांच्या आणि बियाण्याच्या दोडक्याच्या शेजारी टांगल्या. "धुरात बुरशी न्हाई लागत," म्हणाल्या. "पर ह्याला धुराचा वास यील बगा, मंग मला बोलायचं न्हाई." आला. वाळल्यावर तुऱ्यांना झाडाचा वास कमी आणि आमच्या चुलीचा जास्त. बाईंनी ते स्टीलच्या डब्यात भरलं. डब्यावर चिठ्ठी लावायची त्यांची पद्धत होती. जिऱ्याच्या डब्यावर जिरे, मोहरीच्या डब्यावर मोहरी. इथं त्यांचा हात थांबला. मग त्यांनी लिहिलं, 'सरांचे'.

पहिल्यांदा दुधातून दिलं तेव्हा मी दारात उभी होते. सरांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. आता परत करणार, असं आम्हाला वाटलं.

"हे कुठं वाळवलं?"

"सुमनच्या चुलीवर," बाई म्हणाल्या. "वास येत असेल तर..."

"आईच्या चुलीचा वास आहे," सर म्हणाले. सरांचं लहानपण पवन मावळातल्या खेड्यात गेलेलं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी दूध संपवलं. तासाभरानं मला हाक मारून विचारलं, "तुझ्याकडं भाकरी असेल का गं? चुलीवरची?"

मी धावत जाऊन आणली. नाचणीची होती, वर लसणाची चटणी. सरांनी अर्धी खाल्ली आणि ती पोटात राहिली. बाई समोर बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दूध दिलं नाही. भूक कशानं लागली ते त्यांना कळायला हवं होतं. मी नुसती भाकरी नेली, फडक्यात गुंडाळून, धुराच्या वासासकट. सरांनी तीही खाल्ली. बाई त्या संध्याकाळी आमच्या घरी आल्या. चुलीपुढं पाट घेऊन बसल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "म्हणजे मी कायदा उगाच मोडला."

सासूबाई फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "उगाच कसा? त्ये घिऊन आला म्हनून तर चुलीपतूर आला. न्हाईतर कवा आला असता तुमी?"

बाई पहिल्यांदा हसल्या.

पुढं दुधाची गरज रोज लागली नाही. कळा फार आल्या तरच बाई डबा उघडायच्या. थंडीभर दुपारी आमच्या ह्यांच्या रिक्षातून सर आमच्याकडं यायचे, चुलीच्या उबेला बसायचे, सासूबाईंशी पवन मावळातल्या जुन्या लग्नांच्या गोष्टी काढायचे आणि चतकोर, अर्धी भाकरी खायचे. औषधाचे राहिलेले डोस झाले. आम्हाला वाटलं होतं सुटले. पण आजार उलटला आणि होळीच्या आधी सर गेले.

दिवसकार्य झाल्यावर बाई डबा घेऊन आमच्याकडं आल्या. आत निम्मं शिल्लक होतं. "हे घरात ठेवायला आता कारण नाही," म्हणाल्या आणि चिमटीनं चुलीत टाकायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "दार उघड गं सुमन, न्हाईतर समदीच झुलत बसू." बाई हसता हसता रडल्या. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. डबा रिकामा झाला तो त्यांनी धुतला, पण चिठ्ठीला पाणी लागू दिलं नाही.

मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. किल्ली माझ्याकडं आहे. आठवड्यातून एकदा मी घर झाडते, फरशी पुसते. या पावसाळ्यात बाईंचा फोन आला.

"न्हाणीघरामागं बघितलंस? आली असेल."

"आली बाई. गुडघ्याएवढी झालीय."

"पाणी घालत नाहीस ना?"

"नाही. फरशी पुसल्यावर पाणी कुठं तरी टाकायलाच हवं."

पलीकडं बाई हसल्या.

"उपटून टाक, सुमन," त्या म्हणाल्या. "आता आपल्याकडं आजारी कोणी नाही."

मी त्याच दिवशी उपटलं. ओल्या मातीतून लगेच निघून आलं. हाताला तो चीक लागला. स्वयंपाकघरात बाईंची खोबरेलाची बाटली अजून होती, तिच्यातलं थोडं घेऊन मी हात चोळत बसले. मग कुलूप लावून निघाले. रस्त्यावर कोणी नव्हतं. वळणापाशी थांबून मी दोन्हीकडं बघितलं.